कॉर्डची खतावणी

बँकेत नव्याने रुजू झालेल्या तरुणांना मी एक गोष्ट आवर्जून सांगत असे. ताळेबंदातील आकडे पाठ करू नका. प्रत्येक आकडा कोणत्या खात्यातून आला, ते शोधा. आकडा पाठ असलेला मनुष्य तो बदलताच अडखळतो. त्याचा उगम ठाऊक असलेला अडखळत नाही. हा उपदेश मी वर्षानुवर्षे इतरांना केला. तो स्वतः आचरण्याची वेळ मात्र सेवानिवृत्तीनंतर आली, आणि तीही हिशेबाच्या टेबलावर नव्हे, तर नातीच्या गिटारपुढे.

नात तेव्हा नववीत होती. दोन वर्षे ती गिटारच्या वर्गाला जात होती. तिच्या वहीत ठिपक्यांच्या चाळीसेक आकृत्या होत्या. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे, हे दाखवणारी एकेक आकृती म्हणजे एकेक कॉर्ड, अर्थात एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह. त्या सगळ्या आकृत्या तिला तोंडपाठ होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती मैत्रिणीला साथ करणार होती. रंगीत तालमीच्या दिवशी मैत्रिणीचा आवाज बसला आणि तिने गाणे दोन स्वर खाली घ्यायला सांगितले. कॅपो नावाची चाप लावून गिटारचा स्वर चढवता येतो. उतरवता येत नाही. पाठ केलेल्या आकृत्यांतून नवा मार्ग कसा काढायचा, हे नातीला कोणी शिकवले नव्हते. तिच्या जागी कीबोर्ड वाजवणारी दुसरी मुलगी बसली. घरी येऊन तिने गिटार खोळीत घातली, कपाटावर ठेवली आणि म्हणाली, “आजोबा, मला काहीच येत नाही. मी फक्त सांगितलेल्या जागी बोटं ठेवते.”

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण ते खरे होते. चार दिवस गिटार तशीच वर राहिली. पाचव्या दिवशी मी ती खाली काढली आणि नातीला म्हणालो, “तू मला शिकव. मात्र मी प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारणार.” माझ्या डाव्या हाताची अनामिका कित्येक वर्षे ताठर आहे, चारही बोटे लागणारी आकृती मला कधी जमणार नव्हती. हीच उणीव पुढे आमच्या कामी आली.

लहानपणी मी थोडी पेटी वाजवत असे. म्हणून आम्ही प्रथम पेटीच पुढे घेतली. एका सप्तकात बारा स्वर. गिटारवरही एक पडदा ओलांडला की एक स्वर पुढे. आता सा, ग, प हे तीन स्वर एकत्र दाबा. ही झाली मेजर कॉर्ड. सा पासून ग पर्यंत चार घरे, ग पासून प पर्यंत तीन. हाच क्रम उलटा करा, आधी तीन आणि मग चार, म्हणजे ग कोमल होतो आणि मायनर कॉर्ड तयार होते. पहिली प्रसन्न, दुसरी गंभीर. फरक केवळ एका स्वराच्या एका घराचा.

पुढचा नियमही सोपा आहे. सरगम म्हणताना एक स्वर घ्यायचा, एक सोडायचा. सा घेतला, रे सोडला, ग घेतला, म सोडला, प घेतला, ध सोडला, मग नी. याच चालीने तार सप्तकात गेले की रे, म आणि ध मिळतात. आता सा ला एक धरून मोजा. नी सातवा, तार सप्तकातील रे नववा, म अकरावा, ध तेरावा. सेव्हन, नाइन, इलेव्हन, थर्टीन ही ज्यांची भीती वाटते ती नावे म्हणजे एवढेच आकडे. पंधरावा पुन्हा सा येतो, म्हणून मोजणी तेरावर थांबते. एक संकेत तेवढा लक्षात ठेवावा लागतो. नुसते ‘सेव्हन’ लिहिले असेल तर नी कोमल. ‘मेजर सेव्हन’ असेल तर शुद्ध. ‘मायनर सेव्हन’मध्ये ग आणि नी दोन्ही कोमल.

इथे नातीने योग्य शंका काढली. “तेरापर्यंत गेलो की सात स्वर झाले. तारा सहा, आणि दाबायला बोटं चार. मग ही कॉर्ड वाजते कशी?” उत्तर असे की ती पूर्ण वाजतच नाही. जाणकार वादक तिच्यातले काही स्वर गाळतो. कोणते गाळायचे, हे ठरवण्यासाठी प्रत्येक स्वराचे काम ठाऊक असावे लागते. सा कॉर्डला नाव देतो. ग तिचा भाव ठरवतो. नी तिचा स्वभाव ठरवतो. प आधार देतो खरा, पण तो सा च्या नादात आधीपासून सूक्ष्मपणे असतोच. सुरात लावलेल्या तंबोऱ्याजवळ शांतपणे बसणाऱ्याला तो ऐकू येतो. म्हणून काटकसर करायची झाल्यास पहिली कात्री प ला. शुद्ध ग च्या जोडीला तार सप्तकातील शुद्ध म कर्कश लागतो, म्हणून थर्टीन कॉर्डमध्ये सहसा तोही वगळतात. सोबत कोणी खर्जाचे वाद्य वाजवत असेल तर सा सुद्धा त्याच्यावर सोपवता येतो. ग आणि नी मात्र जपावे लागतात.

माझ्या ताठर अनामिकेला याहून दिलासा देणारी वार्ता नव्हती. तीन स्वरांत काम भागत होते! गिटारची सर्वांत जाड तार सहावी. तिच्या तिसऱ्या पडद्यावर सा धरला. चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर कोमल नी येतो आणि तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर ग. पाचवी तार बोटाच्या कडेने मुकी ठेवायची. ही झाली जी सेव्हन. तिसऱ्या तारेवरचे बोट एक पडदा मागे घेतले की ग कोमल झाला: जी मायनर सेव्हन. ग जागच्या जागी ठेवून चौथ्या तारेवरचे बोट एक पडदा पुढे सरकवले की नी शुद्ध झाला: जी मेजर सेव्हन. तीन निरनिराळ्या आकृत्या म्हणून जे नातीने पाठ केले होते, ते एकाच खात्यातील तीन नोंदी निघाल्या. मूळच्या जी सेव्हनमध्ये दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरचा ध मिळवला की जी थर्टीन होते. तिला चार बोटे लागतात, म्हणून ती नातच वाजवते.

मुख्य म्हणजे या मांडणीत एकही मोकळी तार नाही. त्यामुळे सबंध हात दोन पडदे मागे नेला की तीच कॉर्ड दोन स्वर खाली वाजते. हे लक्षात आले तेव्हा नात क्षणभर गप्प झाली. स्नेहसंमेलनाच्या तालमीत तिला हवे होते ते नेमके हेच होते.

इतक्या थोड्या स्वरांत भागवणे ही केवळ म्हाताऱ्या बोटांची पळवाट नव्हे. अमेरिकेतील काउंट बेसी यांच्या जाझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन नावाचे गिटारवादक 1937 साली आले आणि पुढील जवळजवळ पन्नास वर्षे तिथेच राहिले. तीन स्वर, काही वेळा त्याहूनही कमी, एवढ्या भांडवलावर त्यांनी सबंध वाद्यवृंदाची लय तोलून धरली.

सेव्हन कॉर्ड ऐकताना काहीतरी अपुरे राहिल्यासारखे का वाटते, याचाही उलगडा झाला. ग आणि कोमल नी यांच्यात सहा घरांचे अंतर आहे, म्हणजे बाराच्या बरोबर निम्मे. हा ताण कानाला स्वस्थ बसू देत नाही. ग एक घर वर जाऊन म वर टेकतो, कोमल नी एक घर खाली येऊन ध वर टेकतो, आणि म, ध, सा ही नवी कॉर्ड लागताच मन निवते. दोन बाजूंची रक्कम जुळल्यावर मुनीमजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, तेच इथे कानाला लाभते.

आणखी एक गंमत. सा, ग, प, ध हे चार स्वर एकत्र वाजवले की ‘सिक्स्थ’ कॉर्ड होते. हेच चार स्वर ध ला मूळ मानून मोजले की ‘मायनर सेव्हन’ होते. स्वर तेच, खर्जात कोण आहे, यावर नाव ठरते. आपल्या संगीताला ही कल्पना परकी नाही. भूपाचे पाच स्वर ध ला सा मानून गायले की धानी रागाचे स्वर होतात. आपण त्याला मूर्च्छना म्हणतो. वर सांगितलेले चारही स्वर भूपातलेच आहेत, म्हणून भूपातील चालीखाली ही कॉर्ड विरोध न करता बसते. हिंदी चित्रपटसंगीतात अशी सांगड घालण्याचे मोठे काम गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी केले. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा यांचे नाव त्यात अग्रभागी घ्यावे लागेल. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी व्हायोलिनचे धडे घेतले होते.

आपल्यापैकी कित्येक घरांत एखादे वाद्य असेच कपाटावर पडून असेल. मुलाला आवड नाही, असा शेरा मारून आपण तो विषय मिटवतो. वाद्य खाली काढण्यापूर्वी एवढे विचारून पाहावे: त्याला आवड नव्हती, की त्याला कोणी कारण सांगितले नव्हते? पेढीवर बसणाऱ्या मुलाला आपण पहिल्या दिवशी विक्रीचा भाव पाठ करायला लावत नाही. माल कुठून आला, वाहतूक किती पडली, हे आधी समजावतो. पुढे बाजार हलला तरी तो भाव स्वतः काढू शकतो.

नातीची वही आता बदलली आहे. ठिपक्यांच्या जागी तिने रकाने आखले आहेत: कॉर्डचे नाव, तिचे स्वर, गाळता येण्याजोगा स्वर, आणि हात कुठे ठेवायचा. मीही माझी एक वही तशीच लिहिली. गेल्या रविवारी दोन्ही वह्या ताडून पाहताना तिने माझ्या पानावर लाल पेन्सिलीने खूण केली. साध्या ‘सेव्हन’पुढे मी घाईत शुद्ध नी लिहून ठेवला होता. बँकेत असताना कित्येक शाखांची तपासणी मी केली. माझ्या खतावणीत चूक काढली ती या मुलीने. मी निमूटपणे दुरुस्ती केली आणि समोर सही केली.