सोनकच्छहून समुद्राकडे

आमच्या सोनकच्छला पाणी म्हणजे कालीसिंध नदी. तरीही आम्हा नवरा-बायकोला क्रूझचं वेडच लागलंय! २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली आणि आम्ही निघालो. एका रात्रीचाच प्रवास, पण पहाटे डेकवर वाफाळता चहा घेऊन कोकण किनारा उजळताना पाहिला, तो अजून डोळ्यांपुढे आहे.

नंतर 'कॉर्डेलिया एम्प्रेस'. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेलं जहाज. इथे मुख्य जेवण तिकिटातच, जैन थाळीसुद्धा. दारू, स्पा, वायफायचे पैसे वेगळे. बंदर शुल्क आणि टिप धरूनच हिशोब करा. खिडकी नसलेली केबिन स्वस्त, पण ही म्हणते, समुद्र दिसायलाच हवा. मलाही पटतं.