सायकलचे मागचे गिअर : आधी जुळवणी, मग बदल

पावसाळा संपला की आमच्या जबलपूरच्या वसतिगृहातल्या सायकली बाहेर निघतात. कोणी भेडाघाटला धुवाँधार पाहायला जातो, कोणी मदन महालच्या ग्रॅनाइटच्या टेकडीकडे वळतो. आठवड्याभरात प्रश्न येतो, "सर, चढाला गिअर खटखट करतात. सातऐवजी नऊचा संच बसवू का?" बहुतेक वेळा माझे उत्तर असते, आधी केबल बघ.

मागच्या डिरेल्युअरचे तत्त्व साधे आहे. शिफ्टरची एक टिचकी केबल ठरावीक अंतर ओढते आणि डिरेल्युअर ते अंतर ठरावीक पटीने वाढवून चेन बाजूला सरकवतो. शिमानोच्या सात-आठ गिअरच्या जुन्या पद्धतीत ही पट सुमारे १.७ आहे. सात गिअरच्या संचात शेजारच्या दोन चक्रांच्या मध्यांतले अंतर सुमारे ५ मिमी असते, नऊच्या संचात सुमारे ४.३५ मिमी. म्हणजे सातचा शिफ्टर ठेवून नऊचा संच बसवला, तर प्रत्येक टिचकीला ०.६५ मिमी चूक होईल. तीन टिचक्यांत ती जवळजवळ २ मिमी होते आणि चेन दोन चक्रांच्या मध्ये अडकते. शिफ्टर, संच आणि चेन तिन्ही बदलायची तयारी हवी. शिवाय स्वस्त सायकलींत मागचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. त्या हबवर कॅसेट बसतच नाही, चाकच बदलावे लागते. खरेदीपूर्वी हे तपासा, पैसे वाचतील.

आता जुळवणी. इथे क्रम महत्त्वाचा आहे. सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर आधी डिरेल्युअरचा हँगर वाकला आहे का ते मागून पाहा. वाकलेल्या हँगरवर केलेली कोणतीही जुळवणी टिकत नाही. नंतर केबल सोडवून दोन मर्यादा-स्क्रू लावा. 'एच' स्क्रूने वरची पुली सर्वांत लहान चक्राच्या बाहेरच्या कडेखाली आणा. मग डिरेल्युअर हाताने आत ढकला आणि 'एल' स्क्रूने पुली सर्वांत मोठ्या चक्राच्या बरोबर खाली थांबवा.

'एल' स्क्रूकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या एका विद्यार्थ्याने वाकलेला हँगर तसाच ठेवून चढावर शेवटचा गिअर टाकला. डिरेल्युअर आऱ्यांत घुसला आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावले. चाक, हँगर, डिरेल्युअर मात्र तिन्ही गेले.

यानंतरच केबल ताणून बांधा. टिचकी देऊनही चेन मोठ्या चक्रावर चढायला वेळ घेत असेल, तर बॅरल ॲडजस्टर बाहेर फिरवून ताण वाढवा. लहान चक्रावर उतरायला वेळ घेत असेल, तर आत फिरवा. एका वेळी पाव फेरा पुरे. एम-५ आट्यांची पिच ०.८ मिमी असते, म्हणजे पाव फेऱ्यात केबल ०.२ मिमी आणि चेन सुमारे ०.३४ मिमी सरकते. ताण कमी करूनही चेन उतरत नसेल, तर दोष बहुधा केबलच्या आवरणातल्या गंजाचा आणि चिखलाचा असतो. नवी केबल आणि आवरण हीच सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

चेनही मोजा. २४ कड्यांची नवी लांबी ३०४.८ मिमी असते. ३०७ मिमीच्या पुढे गेली की बदला. नाहीतर ती चक्रांचे दाते खाते.

एवढे करूनही चढ जड जात असेल, तर गिअरची संख्या न वाढवता सर्वांत मोठे चक्र मोठे करा. सात गिअरचे १४–२८ दात्यांचे फ्रीव्हील काढून १४–३४ चे बसवता येते. पुढे २४ दाते असतील, तर गुणोत्तर ०.८६ वरून ०.७१ होते, म्हणजे त्याच चढावर पायडलवरचा जोर सुमारे १८ टक्के कमी. वेगही तेवढाच कमी होतो, ते मान्य करा. पुढची चक्रे ४२ आणि २४ दात्यांची असतील, तर डिरेल्युअरला (४२−२४) + (३४−१४) = ३८ दात्यांची ढील सांभाळावी लागेल. निर्मात्याच्या तक्त्यात ही क्षमता आणि मोठ्या चक्राची कमाल मर्यादा, दोन्ही पाहा. आधीची चेन बेताची असेल, तर ४ कड्या वाढवाव्या लागतात. नवे चक्र बसल्यावर 'बी' स्क्रूने पुली त्याच्यापासून ५-६ मिमी दूर ठेवा आणि 'एल' स्क्रू पुन्हा तपासा.