मनाचं दुखणं (लेखांक ४) : शोक ओसरत नाही तेव्हा

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं केम हे करमाळा तालुक्यातलं गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. इथलं कुंकू महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही जातं. नवरा गेला की बाईच्या कपाळावरून सगळ्यात आधी पुसलं जातं ते हेच. म्हणून शोक आणि नैराश्य यांतला फरक आज केमच्या निमित्तानेच समजून घेऊ.

घरचं माणूस गेल्यावर रडू येणं, घास न उतरणं, झोप उडणं हा आजार नव्हे. शोक उमाळ्याउमाळ्याने येतो. दोन उमाळ्यांच्या मध्ये बाई नातवंडांशी बोलते, शेळीला पाला टाकते, गेलेल्याची एखादी सवय आठवून हसतेही. नैराश्यात ही उसंतच मिळत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं असतं किंवा कशातच जीव रमत नाही. पहाटे तीनलाच जाग येते, हातपाय गळाल्यासारखे होतात, साधा हिशेब जमत नाही. शोकात मन म्हणतं, ‘ते असते तर.’ नैराश्यात ते म्हणतं, ‘माझ्यामुळेच गेले, मी कशाला उरले?’

आपल्याकडे हा अपराधभाव तिच्या मनात आपोआप उगवतो असंही नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द तिला ऐकवणारी माणसं घरातली, भावकीतलीच असतात.

पूर्वी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान केलं जात नसे. २०१३ मध्ये ही सूट काढून टाकली गेली. शोक आणि नैराश्य एकाच वेळी असू शकतात आणि उपचार लांबवण्यात धोका असतो, हे त्यामागचं कारण. मला हा बदल योग्य वाटतो. ‘दुःख आहे, जाईल हळूहळू’ असं म्हणत आपण कितीतरी जणींना वर्षानुवर्षं तसंच सोडून दिलं आहे.

त्यातून ही बाई दवाखान्यात गेली तरी ‘मन उदास आहे’ असं सांगत नाही. डोकं जड होतं, अंग दुखतं, छातीत धडधडतं, असं सांगते. सलाईन लावून घरी येते. रक्तक्षय आणि थायरॉईड तपासून घ्यायलाच हवेत, कारण त्यांतूनही असाच थकवा येतो. पण तपासण्या ठीक आल्या म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही.

आता उपचाराची एक गोष्ट. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने एक पद्धत तपासली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केलं गेलं. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भर एवढाच की सुटलेली कामं, गाठीभेटी, आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या. मन लागण्याची वाट पाहत बसायचं नाही. तीन महिन्यांनी यांतले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आणि विधवेला आपण काय करायला लावतो? लग्नात पुढे येऊ नको, हळदीकुंकवाला जाऊ नको, ओटी भरू नको, रंगीत नेसू नको. ज्या गाठीभेटींनी माणूस सावरतो, नेमक्या त्याच आपण तिच्याकडून काढून घेतो. शोकाचं नैराश्य होऊ द्यायचं नसेल तर या प्रथांना हात घालणं हा माझ्या मते मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे.

अभिमानाची बाब ही की या कामाची सुरुवात करमाळ्यातूनच झाली. महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर विधवा प्रथा लादू नयेत, असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं आणि गावोगावी आवाहन केलं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं.

ठराव झाला तरी शेजारणीचं काम उरतंच. तिला सोबत बाजारला न्या, सणाला आधी तिच्या दारी जा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटी ठेवू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर पहिल्या आठवड्यातच फरक दिसेल असं समजू नये. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची सवय लागते का, हा प्रश्न पुढच्या लेखांकात घेऊ.