माथेरानात घर भाड्याने मिळेल का?

जनगणनेच्या घरयादीची बातमी आली की चर्चा जातीच्या रकान्याकडे वळते. प्रत्येकाची जात विचारणारा रकाना या टप्प्यात नाहीच. तो येईल फेब्रुवारी 2027 मध्ये, माणसं मोजताना. सध्याच्या 33 प्रश्नांत मात्र एक साधा प्रश्न आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: राहतं घर स्वतःचं, भाड्याचं की आणखी कसलं? प्रगणकांनी तो याआधी विचारला 2010 च्या घरयादीत. म्हणजे आज घर शोधणाऱ्याच्या हाती जो सरकारी आकडा आहे तो सोळा वर्षांपूर्वीचा. मुंबई-पुण्याला त्याने काही अडत नाही. तिथे एजंटला बाजाराची नाडी ठाऊक असते. अडतं ते लहान गावांत.

आणि लहान गावांची चौकशी वाढली आहे. घरून काम करणारे, नुकते निवृत्त झालेले, शहरातल्या धुळीला कंटाळलेले असे अनेक जण सध्या डोंगरावरच्या गावांची नावं घेतात. माथेरानचं नाव त्यात हमखास असतं. लोकलने नेरळ गाठता येतं, वर गाड्या नाहीत, सावली आहे. ‘वर्षभरासाठी एखादं घर घ्यावं म्हणतो’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की पावसाळा धरून का. बहुतेकांनी माथेरान पाहिलेलं असतं ते शनिवार-रविवारी.

आकडे पाहू. माथेरानची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 5,139 होती आणि 2011 मध्ये 4,393 झाली. दहा वर्षांत साडेचौदा टक्के घट. पायथ्याशी नेरळ-कर्जत पट्ट्यात इमारतीमागून इमारत उठत असताना वरचं गाव लहान झालं. कुणी याचा अर्थ असा काढेल की माणसं कमी झाली, म्हणजे घरं रिकामी पडली असतील, म्हणजे भाडी उतरली असतील. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात हे उत्तर बरोबर धरतील. डोंगरावर ते चुकतं.

घरं वाढणारच नाहीत, हे पहिलं कारण. केंद्र सरकारने 4 फेब्रुवारी 2003 रोजी माथेरान आणि भोवतालचा मोठा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. झाडाला हात लावायचा नाही, जमिनीचा वापर बदलायचा नाही, बांधकामाला नाना अटी. त्यानंतरच्या बिनपरवाना बांधकामांचा वाद हरित लवादापर्यंत गेला. त्यातून भाडेकरूच्या कामाची एक गोष्ट निघते: पत्र्याची छान रंगवलेली खोली दाखवली तर ती कधी बांधली आणि कागद काय आहेत, हे विचारायला लाजू नये. शिवाय इथली बरीचशी जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. तुम्ही ज्यांना मालक म्हणाल तेही वरच्या पायरीवर भाडेपट्टेदारच असण्याची शक्यता पुष्कळ.

दुसरं कारण बंगले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर चढला आणि मागोमाग मुंबईचे धनिक आले. इंग्रज आले, पारशी आले, बोहरी आले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आणली. झाडीत लपलेले ऐसपैस बंगले, रुंद व्हरांडे, मागे नोकरांच्या खोल्या, ही या गावातल्या घरांची जुनी घडण. यातले कित्येक बंगले वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. कुलपातलं घर रिकामं धरायचं की वापरातलं पण तात्पुरतं बंद, हे प्रगणकाला शेजाऱ्याला विचारून ठरवावं लागतं. शेजारी अर्धा फर्लांग लांब असेल तर काय ठरत असेल, कल्पना करा. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 कोटी घरांपैकी जवळपास अडीच कोटी रिकामी नोंदली गेली. त्यातली भाड्याने मिळण्याजोगी किती, हे तो आकडा सांगत नाही. माथेरानचा बंद बंगला बाजारात नसतो. तो वारसांच्या वादात असतो, आठवणीत असतो किंवा नुसता असतो.

आता माझ्या आवडीच्या रकान्याकडे येतो. घर स्वतःचं, भाड्याचं आणि ‘इतर’. देशात 2011 मध्ये 86.6 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, 11.1 टक्के भाड्याच्या. शहरी भागात भाडेकरू 27.5 टक्क्यांपर्यंत जातात. उरलेला ‘इतर’ हा रकाना देशपातळीवर सुमारे सव्वादोन टक्क्यांचा, म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नाही. त्यात कोण येतं? घर मालकीचं नाही आणि भाडंही भरत नाही असं कुटुंब; उदाहरणार्थ, मालकाने कामाच्या बदल्यात फुकट राहायला दिलेली जागा. बंगल्याच्या मागच्या खोलीत संसार थाटलेला माळी इथे बसतो. त्याचं भाडं म्हणजे पानं झाडणं, टाकी भरणं, माकडांना हाकलणं आणि मे महिन्यात पत्रे ठोकून घेणं. पैशांत मोजलं तर ते लहान नाही, पण मोजतो कोण?

पुढची गंमत अशी की हॉटेलातल्या पोऱ्यांना हा रकानाही नाही. एकमेकांशी नातं नसलेली माणसं एखाद्या संस्थेत राहतात आणि एकाच भटारखान्यातलं जेवतात, तेव्हा जनगणना त्यांना ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणते. वसतिगृह, मेस, तुरुंग, आश्रम, हॉटेल, सगळे एका माळेत. माणसं मोजताना ही मंडळी मोजली जातात. घरांचे तक्ते बनतात तेव्हा त्यांना वगळतात. ज्या गावाचा मुख्य धंदा हॉटेलं, त्या गावात हे वगळणं किरकोळ नव्हे. 2001 मध्ये माथेरानच्या लोकसंख्येत पुरुष 58 टक्के होते आणि बायका 42. म्हणजे हजार पुरुषांमागे बायका साधारण सव्वासातशे. याचा दोष मुलींच्या जन्मदराला देण्याआधी हॉटेलांच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारावी. घर गावी ठेवून एकटे आलेले वेटर, आचारी, घोडेवाले, हमाल तिथे दिसतील. या गावातला खरा भाडेकरू हाच आहे. तो खाटेवर राहतो आणि घरांच्या तक्त्यात शोधून सापडत नाही. तुम्ही जी एक खोली आणि स्वयंपाकघर शोधता आहात, त्या खोलीवर तुमच्या आधी नजर असते हॉटेलवाल्याची, कारण त्याला तिथे सहा माणसं झोपवायची असतात. भाडी उतरत नाहीत ती यामुळे, असं माझं मत.

अशा वेळी मला अशोक मित्रा आठवतात. पश्चिम बंगालचे अर्थमंत्री झालेले अर्थतज्ज्ञ अशोक मित्रा वेगळे. हे सनदी अधिकारी, 1961 च्या जनगणनेचे आयुक्त. त्याआधी 1951 मध्ये त्यांनी पश्चिम बंगालची जनगणना सांभाळली होती. आकड्यांच्या खात्यात बसून या माणसाने आकड्यांवर न भागवण्याचा हट्ट धरला. 1961 च्या मोजणीबरोबर त्यांनी देशभरातली शेकडो गावं निवडून प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल लिहून घेतला. घर कशाचं, अंगण कुठे, चूल कुठल्या कोपऱ्यात, कर्ज कुणाचं, जत्रा कुठली, सुतार कोण. सोबत नकाशे, रेखाटनं, छायाचित्रं. हस्तकलांचे आणि जत्रा-उत्सवांचे खंड वेगळेच. सरकारी इंग्रजीतले हे अहवाल सगळेच चांगले नाहीत, काही तर अगदी कारकुनी आहेत. पण एखादं गाव राहण्याजोगं आहे का, हे त्यातल्या बऱ्या अहवालातून जितकं कळतं तितकं आजच्या कुठल्याही तक्त्यातून कळत नाही. यंदाची जनगणना मोबाइलवर होते आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे, निकाल लवकर लागेल म्हणतात. लागो. पण शंभर-दोनशे लहान गावांचं असं वर्णन पुन्हा कुणी लिहून घेणार आहे का? मला तरी तशी चिन्हं दिसत नाहीत. आणि माथेरानसारख्या गावाला त्याचीच गरज आहे, कारण इथली घराची किंमत तक्त्यात नसलेल्या गोष्टींवर ठरते.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे दस्तुरीपासूनचं अंतर. खासगी वाहनं दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, लाल मातीतून. आत मोटार येते ती रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची. बाकी गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, सिमेंट, फ्रीज, सगळं घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. भाजी-दूध घेऊन डोंगरवाड्यांतल्या आदिवासी बायका पायवाटेने चढून येतात. त्यामुळे माथेरानात घरभाड्याबरोबर वाहतुकीचं भाडं आपोआप लागू होतं, महिन्याच्या प्रत्येक पिशवीवर. बाजारालगतची कोंदट खोली महाग आणि झाडीतलं मोकळं घर स्वस्त, असं उलटं गणित दिसलं तर दचकू नये. झाडीतल्या घराचा फरक हमाली वसूल करते.

अर्थात हे चित्र हलतं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा ही अमानुष प्रथा ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी दिली, आतले रस्ते आणि घोड्यांच्या वाटा मात्र जशा आहेत तशा ठेवायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढायचं थांबलं हे उत्तमच. घर शोधणाऱ्याने मात्र त्याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. ई-रिक्षा मुख्य रस्त्यावर धावणार, म्हणजे त्या रस्त्यालगतच्या खोल्यांना मागणी येणार. आत, पॉइंटांच्या बाजूला राहणारा होता तिथेच.

दुसरी गोष्ट पाणी. शार्लोट तलाव सहलीला येणारे सगळे पाहतात, पण गावाची तहान एकट्या तलावावर भागत नाही. नेरळच्या बाजूने पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. छोट्या रेल्वेवरच्या एका स्टेशनचं नावच ‘वॉटर पाइप’ आहे. वीज गेली की पंप गेला, पंप गेला की नळ गेला. घर पाहताना नळ सोडून बघण्यापेक्षा छपरावरची टाकी केवढी ते बघावं.

आणि पावसाळा. जून ते ऑक्टोबर नेरळहून येणारी गाडी बंद. अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. एरवीही या रुळांचा भरवसा बेताचाच: 2019 च्या पावसाने मार्ग वाहून गेला तेव्हा नेरळची गाडी पुन्हा वर यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. धुकं घरात शिरतं, गादीला बुरशी धरते, भिंतीवरचा आणि लॅपटॉपमधला असे दोन्ही पंखे कुरकुरतात. पावसाची झड अडवायला व्हरांड्याला प्लास्टिकचे पडदे ठोकतात, त्यामुळे आत दिवसाही दिवा लागतो. पर्यटक आता पावसातही येतात, पण त्यांना दोन रात्री काढायच्या असतात. मुलं थोडी मोठी झाली की कॉलेजसाठी खाली उतरणं भाग असतं. मग रोजची चढ-उतार करण्यापेक्षा घरच खाली न्यावं असं कुटुंबाला वाटतं. लोकसंख्या घटण्यामागे माझ्या मते मुख्य कारण हे. हौसेने वर येणारे आणि नाइलाजाने खाली जाणारे यांची गाठ दस्तुरीवर पडते.

तरीही जायचंच असेल तर जा. मी अडवणारा नव्हे. पण लेखी करार करा. लहान गावात सगळं तोंडी चालतं आणि ‘आपलीच माणसं’ म्हणून चालवून घेतलं जातं. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. करारात पाण्याचा, टाकीचा आणि पावसाआधी पत्रे दुरुस्त करण्याचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्यावं. या तीन ओळींवरून जितकी भांडणं होतात तितकी भाड्यावरून होत नाहीत. अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरमध्ये सुरू केला तर जवळजवळ सगळा पावसाळा त्यातच येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याऐवजी ऑक्टोबर ते मे एवढाच मागून पाहावा. मालक कुरकुर करेल, कारण त्याला मे महिना पर्यटकांना द्यायचा असतो. तिथे घासाघीस करायला जागा आहे.

या जनगणनेचा संदर्भ क्षण आहे 1 मार्च 2027 ची मध्यरात्र. थंडी ओसरलेली, उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी अजून लांब. त्या क्षणाला धरून माथेरानात राहणारे मोजले जातील आणि बहुधा पुढची दहा वर्षं तोच आकडा सगळीकडे छापला जाईल. तो 4,393 पेक्षा कमी भरला तर मला नवल वाटणार नाही. मी बघणार आहे त्या दोनच गोष्टी: बायकांचं प्रमाण वाढलं का आणि ‘इतर’ रकान्यात किती घरं पडली.