अपुऱ्या दिवसांचे बालक आणि त्याचा श्वास

गर्भाची पूर्ण वाढ होण्यास सुमारे ४० आठवडे लागतात. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास ‘अकाली जन्मलेले बालक’ म्हणतात. जगात दर दहा बालकांमागे सुमारे एक बालक असे जन्मते.

गर्भाच्या अवयवांत फुप्फुसे फार उशिरा परिपक्व होतात. श्वास सोडल्यावर त्यांतील सूक्ष्म वायुकोश मिटू नयेत, म्हणून त्यांच्या आत एका स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. अकाली जन्मलेल्या बालकात हे द्रव्य अपुरे असते आणि त्याला श्वास घेणे कठीण जाते. हे कारण १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड या अमेरिकी संशोधकांनी उजेडात आणले. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा नवजात पुत्र याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला. पुढे १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइड देण्याचा उपाय सिद्ध केला. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी ते स्निग्ध द्रव्य बाहेरून देऊन बालके वाचवली.

बालक वाचते, तरी फुप्फुसांवरील परिणाम पुष्कळदा मागे राहतो. बहुतेक वायुकोश जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. अकाली जन्म, जंतुसंसर्ग आणि दीर्घकाळ दिलेला कृत्रिम श्वास यांमुळे ही घडण अडखळते. अशा मुलांना धाप लागणे, छातीत घरघर होणे, साध्या सर्दीचे न्यूमोनियात रूपांतर होणे असे त्रास अधिक संभवतात. फुप्फुसांची क्षमता विशीत कमाल पातळी गाठते व नंतर हळूहळू घटते. ज्याची कमाल पातळीच कमी, त्याला ही घट लवकर जाणवू शकते.

मात्र वाढीचा काळ हाच काळजी घेण्याचाही काळ होय. स्तनपान, वेळेवर लसीकरण आणि तंबाखूच्या व चुलीच्या धुरापासून बचाव यांनी फुप्फुसांचे रक्षण होते. अशा मुलांना खेळापासून दूर ठेवू नये. वैद्यकीय सल्ल्याने त्यांना धावू-पोहू द्यावे. मोठेपणी त्यांनी धूम्रपान कटाक्षाने टाळावे.

दम लागलेल्या प्रौढ रुग्णाला ‘आपण कितव्या आठवड्यात जन्मलात?’ असे क्वचितच विचारले जाते. म्हणून जन्माच्या वेळची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि ही माहिती डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. योग्य तपासणी वेळीच होण्यास तिची मोठी मदत होते.