मेंढ्याच्या जंगलाचा आराखडा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला मात्र एप्रिल २०११ उजाडलं. एवढा उशीर व्हायलाच नको होता.

व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेच्या समितीने करायचा आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेशी त्याची सांगड घालायची, असं या कायद्याचे नियम सांगतात. आराखड्याचा कस लागतो तो बारकाव्यांत. बांबूच्या बेटातले कोवळे वास्ते राखून जून बांबूच तोडायचे; नवी पालवी फुटावी म्हणून तेंदूच्या झुडपांना आग लावायची नाही. मोह-तेंदू वेचायला जंगलात जाणाऱ्या बायकांना हे तोंडपाठ असतं. त्यांना वगळून केलेला आराखडा अपुराच.

असे निर्णय मेंढ्यात बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते.