आईची किडनी, तरी शरीराला परकी!

आई मुलाला किडनी देते. रक्तगट जुळतो, ऑपरेशन निर्विघ्न पार पडतं, लघवी सुरू होते, घरात पेढे वाटले जातात. पण घरी सोडताना डॉक्टर बजावतात, ‘या गोळ्या आता कायम घ्यायच्या.’ घरच्यांना प्रश्न पडतो, ज्या आईच्या पोटात नऊ महिने वाढला, तिचीच किडनी शरीर का नाकारेल?

कारण शरीराला नातं कळत नाही, फक्त ओळखपत्र कळतं. आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, दुसरा वडिलांकडून. म्हणजे आईशी खात्रीने जुळतो तो निम्माच भाग. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. सगळंच जुळतं ते फक्त एकसारख्या जुळ्यांचं. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी अशा जुळ्या भावांत केलेलं किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. तो रुग्ण पुढे आठ वर्षं जगला.

शरीर विसरत नाही

हे कोडं उलगडलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. भाजलेल्या रुग्णाला दुसऱ्याची त्वचा लावली की ती काही दिवसांत गळून पडे. ग्लासगोत काम करताना पीटर मेडावार यांना दिसलं, की त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली तर ती आणखी लवकर गळते. म्हणजे पहारेकऱ्याने चेहरा लक्षात ठेवलेला असतो! या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हल्ला कधी होतो?

पूर्वी रक्त चढवलेलं असेल, गर्भारपण किंवा प्रत्यारोपण झालेलं असेल, तर विरोधी प्रतिपिंडं रक्तात आधीच तयार असू शकतात. मग नवा अवयव काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होतो. हे टाळण्यासाठी ऑपरेशनपूर्वी दोघांचं रक्त जुळवून पाहतात. दुसरा हल्ला बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. त्यात टी पेशी पुढे असतात. वेळीच कळलं तर तो बहुतेकदा आटोक्यात येतो. तिसरा मात्र वर्षानुवर्षं, गुपचूप चालतो.

डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा मात्र भाग्यवान. त्यात रक्तवाहिन्या नसल्याने पहारेकरी तिथे सहज पोचत नाहीत.

दुधारी औषध

पहारा अगदीच ढिला केला तर जंतूंचं फावतं. १९६७ साली केपटाऊनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी हृदय बदललेला पहिला रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. पुढे नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं आणि १९८०च्या दशकात चित्र पालटलं. त्यानंतर टॅक्रोलिमसही आलं.

हे सांभाळा

• बरं वाटतंय किंवा खर्च झेपत नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. अडचण असेल तर डॉक्टरांना सांगा.

• ताप, लघवी कमी होणं, अंगावर सूज, किडनीच्या जागी दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

• तक्रार नसली तरी रक्ततपासणी चुकवू नका. क्रिएटिनिन अनेकदा लक्षणांआधीच वाढतं.

• दुसरं कोणतंही औषध, काढा किंवा लस डॉक्टरांना विचारूनच घ्या. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडू शकतं.

आईने एकदाच दिलं. ते टिकवणं मात्र रोजच्या गोळीवर आहे.